नातवंडांना त्यांच्या शाळेबद्दल फ्रेंचमधून विचारायचं आहे, रोजची वाक्यं सांगाल का?

अरुणावतीकाठ

नमस्कार मंडळी. मी दिग्रसजवळच्या एका खेड्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलगा फ्रान्समध्ये तुलूजला विमानांच्या कारखान्यात आहे. नातू बारा वर्षांचा, नातीण सात. दोघांचाही जन्म तिकडचा.

मुलांना मराठी येतं. पण कोणतं येतं, ते मला मागच्या वर्षभरात नीट कळलं. जेवण, झोप, आंघोळ, रागावणं, लाड, देवाला हात जोडणं, एवढं सगळं येतं. "आजी, भूक लागली" असं नातीण छान म्हणते. शाळेचा विषय निघाला की मात्र थबकते. बाकावर शेजारी कोण बसते, बाईंनी काय वाचून दाखवलं, मधल्या सुट्टीत कोणाशी भांडण झालं, यातलं काही मराठीत सांगता येत नाही. कारण हे मराठीत घडलेलंच नाही. मग "छान" म्हणते आणि गप्प बसते. मी जन्मभर पोरांना "आज शाळेत काय झालं?" विचारत आले आणि माझ्याच घरची दोन पोरं मला ते सांगू शकत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

जूनमध्ये एक गोष्ट घडली. नातू फोनवर आनंदाने ओरडला, "कातॉर्ज!" वीसपर्यंतचे आकडे मी पाठ केले होते, त्यामुळे चौदा हे समजलं. किती पैकी, विचारलं. वीसपैकी. माझ्या तोंडून पटकन निघालं, "चौदाच?" त्याला बाकी मराठी कितीही कमी येत असो, तो 'च' बरोबर समजला. उठून गेला. मुलाने नंतर सांगितलं की तिथे चौदा म्हणजे चांगले गुण असतात. त्यानंतर तो माझ्याशी शाळेचं बोललेला नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांची शाळा उघडते. तोवर मला शाळेपुरतं फ्रेंच शिकायचं आहे. व्याकरणाचं पुस्तक मागवलंय, पण त्यात हॉटेल, स्टेशन आणि टॅक्सीचीच वाक्यं आहेत. मला शाळेची हवीत. जाणकारांनी मदत करावी. देवनागरीत लिहिलंत तर उपकार होतील.

फुटाळा

बाई, नमस्कार. मी नागपूरला अकरावी-बारावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते. तुमचा 'च' वाचून पोटात कालवलं.

वाक्यांच्या आधी उच्चार. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा आपल्याला हे सोपं आहे. फ्रेंच त आणि द दातांवरचे आहेत, थेट आपले. इंग्रजी वळणाच्या ट, ड ची सवय असलेल्यांना तेच जड जातात. प, त, क म्हणताना हवा सोडायची नाही, तेही आपलं रोजचंच. नाकातले स्वर आहेत, ते मी चंद्रबिंदू किंवा अनुस्वाराने दाखवते. तिथे न् किंवा म् पूर्ण उच्चारू नका, आवाज फक्त नाकात जाऊ द्या.

अवघड तीनच. पहिला र. तो जिभेच्या टोकाने नाही, घशाच्या मागून येतो, पाण्याच्या हलक्या गुळण्या कराव्यात तसा. दुसरा, मी जिथे 'त्यु' लिहीन तिथे ओठ 'ऊ' सारखे आणि आत जीभ 'ई' सारखी ठेवायची. तिसरा झ. हा आपल्या झाडातला झ नाही. श म्हणा, लांबवा, आणि गळ्यावर हात ठेवून त्यात घुमारा आणा, तो हा झ. जिथे साधा ज लिहीन तो मात्र 'जाड' मधला.

नातीसाठी पहिली खेप:

केस्क त्यु आ फे आ लेकॉल ओझुर्द्वी? : आज शाळेत काय केलंस?
सा से ब्यँ पासे? : छान गेलं ना सगळं?
त्यु आ माँझे क्वा आ ला काँतीन? : शाळेत काय जेवलीस?
त्यु आ झुए आवेक की आ ला रेक्रे? : मधल्या सुट्टीत कोणाशी खेळलीस?
त्यु आ दे दव्वार? : घरचा अभ्यास दिलाय का?
राकोंत म्वा : सांग ना मला.

आणि स्वतःच्या बचावासाठी ही तीन सगळ्यात आधी पाठ करा. 'म्वँ वीत, सिल त प्ले' म्हणजे जरा हळू बोल. 'झे पा कोंप्री', मला समजलं नाही. 'सा व दीर क्वा?', याचा अर्थ काय?

'त्यु' म्हणजे तू आणि 'वू' म्हणजे तुम्ही. नातवंडांना त्यु. कधी त्यांच्या बाईंशी बोलायची वेळ आली तर वू, आणि तेव्हा 'सिल त प्ले' चं 'सिल वू प्ले' होतं. हा फरक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

संत्राबाग

बाई, वाचून लय बरं वाटलं. मी वरुडचा. माह्या पोरीनं अकरावीत फ्रेंच घेतलं. मार्क भेटते म्हणून घेतलं, पण आता तिले गोडी लागली. रात्री मोठ्यानं वाचते, तं मी बाजूले बसून ऐकतो. तुमचे वाक्य तिले दाखवले, थे म्हणे बरोबर आहे. अजून टाका.

गारोनकाठ

बाई, मी तुलूजला नऊ वर्षं काढून आता वर्ध्याला परत आलोय. माझी मुलगी तिथेच शिकली. वाक्यांइतकीच तिथली शाळेची रचना माहीत हवी, नाहीतर शब्द कळूनही अर्थ चुकतो, तुमच्या चौदासारखा.

गुण वीसपैकी असतात. दहाला 'ला म्वायेन' म्हणतात, म्हणजे तिथपर्यंत पोचलं की बरं. बारावीच्या शेवटच्या परीक्षेत, ज्याला ते 'बाक' म्हणतात, १२ पासून 'बऱ्यापैकी', १४ पासून 'चांगला' आणि १६ पासून 'फार चांगला' असा शेरा मिळतो. वीसपैकी वीस हा आपल्या पैकीच्या पैकी सारखा नेहमीचा प्रकार नाही. निबंध, इतिहास अशा विषयांत तर तो क्वचितच दिसतो. तेव्हा तुमच्या नातवाचे चौदा खरोखर चांगले होते. तुमच्या नातणीच्या वयाला बऱ्याच शाळांत आकड्यांऐवजी 'जमतं', 'जमू लागलंय' अशा खुणा किंवा रंग देतात. तिला "किती गुण?" विचारू नका, तिच्याकडे उत्तरच नसेल.

वर्गांची नावं. तीन ते सहा वर्षं 'मातेर्नेल', आपली बालवाडी. ती २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधी सहाव्या वर्षापासून शाळा सक्तीची होती. मग प्राथमिकचे पाच वर्ग: सेपे, से-अ-अँ, से-अ-द, से-एम-अँ, से-एम-द. तुमची नातीण से-अ-अँ मध्ये जाणार असेल.

नातू 'कोलेझ' मध्ये आहे. इथे लोक हमखास फसतात. ते आपलं कॉलेज नाही, अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांची शाळा आहे. आणि तिथे वर्ग उतरते मोजतात. सहावी म्हणजे 'सिज्येम' आधी येते, मग पाचवी 'सँक्येम', चौथी 'कात्र्येम', तिसरी 'त्र्वाज्येम'. त्यानंतर 'लीसे', त्यात दुसरी, पहिली आणि शेवटची 'तेर्मिनाल'.

अरुणावतीकाठ

गारोनकाठ, बरं झालं सांगितलंत. मुलगा मागे म्हणाला होता, "आता तो सँक्येमला जाईल." मी मनातल्या मनात आकडा लावला आणि घाबरून सुनेला विचारणार होते की पोराला खालच्या वर्गात बसवलं का. विचारलं नाही तेच बरं.

नातवाशी बोलणं कसं सुरू करू? मला त्याला सांगायचं आहे की माझं चुकलं.

फुटाळा

बाई, असं म्हणा: 'कातॉर्ज, से ब्यँ. झ म स्वी त्रोंपे. झ स्वी फ्येर द त्वा.' चौदा, छान आहेत. माझं चुकलं. मला तुझा अभिमान वाटतो.

तिन्ही वाक्यं छोटी आहेत. मध्ये थांबून म्हणा. बारा वर्षांचा मुलगा आहे, लगेच काही बोलणार नाही, तरी म्हणा.

कास्तकार

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. माझा पुतण्याही बाहेरदेशी आहे, म्हणून बोलतो. मुलं तिकडे दिवसभर त्यांचीच भाषा बोलतात. आजी-आजोबा हा मराठीचा एकच धागा त्यांच्याकडे उरलेला असतो. तुम्हीही फ्रेंच बोलायला लागलात तर तो धागा तुटेल. पोरांना कळेल की आजीला फ्रेंच येतं, मग मराठीची गरजच काय? बाई, तुम्ही शिक्षिका आहात. उलट त्यांना मराठीतून शाळेचे शब्द शिकवा. वही, फळा, खडू, हजेरी. माझ्या पुतण्याच्या मुलांचं मराठी असंच गेलं. आई-बापाने सोयीसाठी तिकडची भाषा घरात घेतली, आणि आज आमची आई त्या पोरांशी नुसती हसते, बोलू शकत नाही.

मेळघाटमास्तर

कास्तकार भाऊ, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. तुमची भीती खोटी नाही. पण एक अनुभव सांगतो.

मी धारणी भागात पहिलीच्या वर्गाला शिकवतो. माझी पोरं घरी कोरकू बोलतात आणि शाळेत पुस्तक मराठी. नवीन होतो तेव्हा मीही म्हणायचो, मराठीत बोला, मराठीत बोला. पोरं बोलायची नाहीत. मला वाटायचं, लाजतात. लाजत नव्हती. तळ्यात मासा कसा धरला हे सांगायला त्यांच्याकडे मराठी शब्दच नव्हते. मग मी त्यांच्याकडून कोरकू शिकायला बसलो. रोज पाच-सात वाक्यं. घरी कोण आहे, आज काय खाल्लं, कोणी मारलं. माझं मोडकंतोडकं ऐकून पोरं मला दुरुस्त करायला लागली. ज्या दिवशी पोरगं मास्तरला दुरुस्त करतं, त्या दिवसापासून ते बोलायला लागतं. आणि मराठी त्यानंतरच आलं, भराभरा आलं. मी त्यांच्या बोलीत गेलो म्हणून त्यांची बोली सुटली नाही आणि मराठीही अडलं नाही.

बाईंचं उलट्या दिशेचं आहे, पण गाठ तीच. पोरगी जे फ्रेंचमध्ये जगून आली, ते आधी फ्रेंचमध्ये ऐकून घ्या. मग तेच मराठीत परत सांगा. "असं होय, कॅंटीनमध्ये तुला मासा दिला, तुला आवडला नाही." तिच्याच गोष्टीला मराठी शब्द लागले की ते शब्द तिचे होतील. वही-फळा-खडूची यादी पाठ करून होणार नाहीत.

अरुणावतीकाठ

मास्तर, तुम्ही माझ्या मनातलं मला समजेल अशा रीतीने सांगितलंत. कास्तकार भाऊ, तुमचाही मुद्दा मी सोडणार नाही. ठरवलंय ते असं: प्रश्न फ्रेंचमध्ये, तिचं उत्तर फ्रेंचमध्ये, आणि मग मी तेच मराठीत म्हणून दाखवायचं, "बरोबर ना?" विचारायचं. माझं मराठी सुटणार नाही, वचन देते.

संत्राबाग

पोरीनं एक इचारायले सांगतलं. थे म्हणे का पुस्तकात 'पासे अँनेग्जामँ' असं आहे, तं त्याचा अर्थ पास झालो असा होते का?

फुटाळा

भाऊ, तिला शाबासकी द्या, फार चांगला प्रश्न आहे. नाही. 'पासे' म्हणजे परीक्षेला बसणं. पास होणं म्हणजे 'रेयुसीर', नापास होणं म्हणजे 'राते'. 'झे पासे मोंनेग्जामँ' म्हणजे मी परीक्षा दिली, निकालाचं त्यात काहीच नाही. दरवर्षी माझे दोन-चार विद्यार्थी इथे चुकतात.

असेच फसवे शब्द शाळेत आणखी आहेत. बाई, तुम्हालाही लागतील. 'कोंत्रोल' म्हणजे ताबा नाही, चाचणी परीक्षा. 'झे अँ कोंत्रोल द मात दमँ' म्हणजे उद्या माझी गणिताची चाचणी आहे. 'नोत' म्हणजे नोट्स नाहीत, गुण. 'लिब्रेरी' म्हणजे वाचनालय नाही, पुस्तकांचं दुकान. वाचनालयाला 'बिब्लियोतेक'. 'काये' म्हणजे वही, 'कार्ताब्ल' दप्तर, 'त्रूस' म्हणजे पेन-पेन्सिलीची पिशवी, आपल्या कंपासपेटीच्या जागी. प्राथमिकच्या बाईंना 'मेत्रेस' आणि गुरुजींना 'मेत्र'. कोलेझमध्ये गेलं की सगळेच 'प्रोफ'.

लिंगाचं बघा. आपली तीन, त्यांची दोन. शाळा दोन्हीकडे स्त्रीलिंगी, 'ला/लेकॉल'. वही आपल्याकडे ती, त्यांच्याकडे तो. हे पाठच करावं लागतं. मात्र बोलणाऱ्याप्रमाणे शब्द बदलणं आपल्याला नवीन नाही. मुलगा म्हणेल 'झ स्वी कोंताँ', मी खूश आहे. मुलगी म्हणेल 'झ स्वी कोंताँत'. आपण 'आलो', 'आले' म्हणतो तसंच.

गारोनकाठ

थोडं वेळेचं. उन्हाळ्यात तिथून आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. शाळा साधारण साडेचारला सुटते, म्हणजे सप्टेंबरात आपले रात्रीचे आठ. पण सुटल्या सुटल्या फोन करू नका. पोरं आधी 'गूते' खातात, संध्याकाळचं खाणं, ब्रेड, चॉकलेट, फळ. पोटात गेलं की बोलतात. 'त्यु आ प्री तों गूते?' असं विचारा. खाल्लंस का?

अरुणावतीकाठ

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. शाळा सुरू झाली त्यांची. त्या दिवसाला 'ला राँत्रे' म्हणतात, तोही शब्द शिकले. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, पावसाच्या चिखलात. त्यांची ऐन पोळ्याच्या सुमाराला.

पहिल्या दिवशी नातणीला विचारलं, "केस्क त्यु आ फे आ लेकॉल ओझुर्द्वी?" तिने डोळे मोठे केले. मग म्हणाली, "र्यँ." काही नाही. एवढी पाठ केलेली वाक्यं, आणि उत्तर "काही नाही".

गारोनकाठ

बाई, निराश होऊ नका. जगातली सगळी पोरं या प्रश्नाला हेच उत्तर देतात, माझी मुलगीही द्यायची. प्रश्न फार मोठा आहे. दिवसभरात इतकं घडलेलं असतं की मुलाला कुठून धरावं कळत नाही. लहान प्रश्न विचारा. 'त्यु ए आसीज आ कोते द की?', कोणाशेजारी बसलीस? नातवाला विचारताना 'आसीज' ऐवजी 'आसी'. 'एल ए झाँतीय, ता मेत्रेस?', बाई चांगल्या आहेत का? उत्तर सोपं हवं: एखादं नाव, हो, नाही. तिथून पुढे ती स्वतः सांगेल.

आणखी एक. बुधवारी फ्रान्समधल्या प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी बंद किंवा अर्धा दिवस असतात. मुलाला तिची वेळ विचारून ठेवा. बुधवारी पोरं निवांत असतात, बोलायला तो उत्तम दिवस.

मेळघाटमास्तर

आणि चुका करा, बाई. मुद्दाम नको, होतील तेवढ्या पुरे. तिला दुरुस्त करू द्या.

अरुणावतीकाठ

मास्तर, झालं! काल बुधवार होता. मी पुस्तकात शिकलेला शब्द वापरला, "त्यु आ माँझे अँ पँ ओ शोकोला?" चॉकलेटचा तो पापुद्र्याचा पाव. ती एकदम उसळून म्हणाली, "नों! शोकोलातीन!" मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा म्हणाली, "शोकोलातीन, मामी, शोकोलातीन." आणि मग थांबलीच नाही. बाजूला शेजारीण कोण बसते, तिची पेन्सिलींची पिशवी कशी आहे, बाईंनी 'दिक्ते' घेतली, म्हणजे आपलं श्रुतलेखन. अर्धं समजलं, अर्धं नाही. 'म्वँ वीत' सात-आठ वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी हळू झाली.

एक प्रश्न: ती मला मामी का म्हणते?

गारोनकाठ

फ्रेंचमध्ये आजीला लाडाने 'मामी' आणि आजोबांना 'पापी' म्हणतात. तिच्या वर्गातल्या सगळ्यांच्या आज्या मामीच असतात. शाळेचं बोलताना तोंडात तेच आलं. जेवायचं बोलताना 'आजी' म्हणेल, बघा.

शोकोलातीनचं म्हणाल तर तुलूज आणि त्या भागात तोच शब्द चालतो. पॅरिसकडे 'पँ ओ शोकोला'. तुलूजकर याबाबत फार हळवे असतात, पोरगी खरी तिथली झाली आहे. उच्चारातही फरक आहे. दक्षिणेत नाकातल्या स्वराला शेवटी हलका 'ङ' लागतो, 'दमँ' चं 'दमँङ' ऐकू येतं. शब्दाच्या शेवटचा गिळलेला अ तिथे अर्धवट उच्चारतात. फ्रेंच शिकायच्या ॲपमधली बाई बहुतेक पॅरिसच्या वळणाने बोलते. नातीचं ऐकून तिच्यासारखं म्हणा. आपण यवतमाळात पुण्याचं मराठी ऐकून आपलं सोडत नाही ना, तसंच.

संत्राबाग

हे वाचून पोरगी मले म्हणे, "बाबा, आपुन वऱ्हाडी बोलतो थे कमी नाई ना?" म्या म्हटलं, नाई बाप्पा.

अरुणावतीकाठ

नातवाचं सांगते. तीन वाक्यं म्हटली. त्याने काही उत्तर दिलं नाही, पण खोलीतून गेलाही नाही. मग दोन दिवसांनी त्यानेच विचारलं, मराठीत, "आजी, तुझी शाळा कशी होती?" मी सांगितलं, पाचवीपर्यंतची चार खोल्यांची शाळा, जमिनीवर बसायचो, पोरं दुपारी खिचडी खायची. खिचडी म्हटल्यावर म्हणाला, "काँतीन!" म्हटलं हो, तेच, फक्त सगळ्यांना फुकट.

तिथून आमचं इतिहासावर गेलं. त्याच्या जुन्या शाळेचं नाव 'झूल फेरी' आहे. कोण हा माणूस, विचारलं, तर तो काही सांगू लागला, मला वर्षंच तेवढी कळली.

गारोनकाठ

फ्रान्समध्ये त्या नावाच्या शाळा गावोगाव आहेत. झूल फेरी हे तिथले शिक्षणमंत्री होते. १८८१ च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळा मोफत झाली, १८८२ च्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं झालं आणि सरकारी शाळेतून धर्माचं शिक्षण बाहेर गेलं. सक्तीचं म्हणजे 'ओब्लिगात्वार', मोफत म्हणजे 'ग्रात्वी'. हे दोन शब्द नातवाच्या बोलण्यात येतीलच.

अरुणावतीकाठ

१८८२! त्याच वर्षी जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं होतं की प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. मी दरवर्षी वर्गात हे शिकवलं, पण त्याच वर्षी फ्रान्समध्ये तसा कायदा झाला होता हे मला ठाऊक नव्हतं. तिथे मागणारे मंत्री होते, झालं. इथे मागणाऱ्या माणसाला कित्येक दशकं वाट पाहावी लागली. नातवाला हे सांगायचंच. त्याचं वय बारा आहे.

फुटाळा

बाई, वाक्य देते. 'इसी ओसी, आँ मिल युइ-साँ कात्र-वँ-द, अँनोम आ दमाँदे लेकॉल ओब्लिगात्वार.' इथेही, १८८२ मध्ये, एका माणसाने सक्तीची शाळा मागितली.

सालाकडे घाबरू नका. ८२ ला ते 'चार-वीस-दोन' म्हणतात. ७० म्हणजे 'साठ-दहा', ९० म्हणजे 'चार-वीस-दहा'. आपल्याकडेही म्हातारी माणसं विसा विसांनी मोजायची, चार विसा म्हणायची. तिथे तो हिशेब अजून पाढ्यांत जिवंत आहे.

कास्तकार

बाई, मी रोज वाचतोय. एक विचारतो. नातणीने मराठीत शाळेचं काही सांगितलं का?

अरुणावतीकाठ

भाऊ, सांगते, तुमच्यासाठीच थांबवलं होतं. नातणीने आता शाळा-शाळा खेळ काढलाय. ती मेत्रेस, आम्ही विद्यार्थी. मध्येच बोलले तर म्हणते, "लेव ल द्वा!" बोट वर कर. हात नाही म्हणाली, बोट म्हणाली. मग हजेरी घेते. माझं नाव घेतलं की मी 'प्रेजाँत' म्हणायचं. आबाजींचं, म्हणजे तिच्या आजोबांचं, घेतलं तर ते सवयीने म्हणाले, "हजर." तिने दुरुस्त केलं, "पापी, प्रेजाँ." आबाजी म्हणाले, "आमच्या शाळेत हजर म्हणतात." ती जरा विचारात पडली. दुसऱ्या दिवशी दादाची हजेरी घेतली, तो गप्प राहिला, तर ही त्याला ओरडली, "दादा, हजर म्हण! तुझं नाव घेतलं ना!" पूर्ण वाक्य, कोणी शिकवलेलं नाही.

फुटाळा, आता एक शब्द तातडीने हवा. काल आबाजी शेतात होते, बैलाचा पाय दुखावलाय म्हणून डॉक्टरला घेऊन गेले होते, हजेरीला नव्हते. तिने वहीत त्यांच्या नावापुढे काय लिहायचं विचारलं, तर मला 'गैरहजर' चं फ्रेंच येईना. आज आठला फोन आहे.

फुटाळा

आब्साँ, बाई. तुम्ही नसाल त्या दिवशी आब्साँत.